पहिल्या कपावरची खुर्ची

६ नोव्हेंबर

मी पळून आलेलो नाही. मामा गावाकडं फोन लावून लावून तेच सांगतोय, पण जो माणूस सकाळी पोहे खाऊन, मामीच्या पाया पडून, बॅग खांद्याला अडकवून सगळ्यांदेखत निघतो, तो पळाला असं म्हणत नाहीत. आणि गेलो तरी कुठं? दिल्लीतल्या दिल्लीत, करोलबागेतनं पहाडगंजात. पण नरसिंहमामाला सांगून उपयोग नाही. त्याचं गलाईचं दुकान म्हणजे त्याचं जग. सोनारांकडचं जुनं सोनं आणायचं, भट्टीत वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं, आणि दुकान बंद करताना फरशी झाडून तो केरसुद्धा डब्यात भरून ठेवायचा, कारण त्यात सोन्याचा कण असेल. इतकी वर्षं मी तो केर भरला. कण मामाला मिळाले, खोकला मला.

मामा म्हणाला, आपल्या विट्या-आटपाडीची माणसं भट्टीवर बसून देशभर नाव काढतात आणि तू कपावर चित्रं चिकटवणार, शोभतं का. मी म्हटलं, चित्रं चिकटवताना निदान श्वास तरी घेता येतो. मामी हसली. त्यामुळं मामा जास्त चिडला.

असो. नवी जागा झकास आहे. दुकान दुसऱ्या मजल्यावर, खाली बॅगांचं होलसेल, वर स्वस्तातलं हॉटेल, मधे आम्ही. आम्ही म्हणजे मालक भसीनजी, पॅकिंगला पार्वतीदीदी आणि मी. भसीनजी साठीचे असतील. बोलणं मोजकं. पार्वतीदीदी गढवालची, ती दोघांच्या वाटचं बोलते. मला बघून म्हणाली, ऐकलं होतं मराठी माणसं गोडबोली असतात, हा तर मिरचीचं लोणचं दिसतोय. सूर्यकांत म्हणायला दोघांची जीभ वळत नाही, म्हणून इथं मी सूरज.

झोपायला दुकानाचाच माळा दिलाय. सकाळी जाग आली ती मराठी प्रार्थनेनं. मला वाटलं स्वप्न. पार्वतीदीदी म्हणाली, पलीकडं तुमची मराठी शाळा आहे, फार जुनी. मी आठवीत शाळा सोडली, ती माझ्या मागं दिल्लीपर्यंत आली बघा.

ही वही राधानं दिली, माझ्या धाकट्या बहिणीनं. दिवाळीला गावी गेलो होतो तेव्हा. ती बारावीला आहे. म्हणाली, दादा, रोज चार ओळी लिहीत जा, नाहीतर तुझं अक्षर फक्त मुंग्यांनाच वाचता येईल. घरी ती आणि आई दोघीच. बाबा कोइमतूरला दुसऱ्याच्या भट्टीवर. राधाला नर्सिंगला जायचंय. तिला कुणा भट्टीवरच्या माणसाच्या गळ्यात बांधू नये, एवढं मला बघायचंय. बाकी माझं काय, मी कुठंही उभा राहीन.

८ नोव्हेंबर

काम आलं. सोपं आहे पण लक्ष लागतं. फोटो कॉम्प्युटरवर उलटा करायचा, आरशात दिसतो तसा. कागदावर छापायचा. तेव्हा तो इतका मळकट दिसतो की गिऱ्हाईक रडेल. मग पांढऱ्या कपाला तो कागद गुंडाळून चिकटपट्टीनं पक्का करायचा आणि कप मशीनमध्ये ठेवायचा. हीट प्रेस म्हणतात तिला. तिच्यात रबरासारखा गोल हीटर आहे, दांडा दाबला की तो कपाला मिठी मारतो. तीन मिनिटं. शिटी वाजली की हातमोजे घालून काढायचा आणि कागद सोलायचा.

तो सोलायचा क्षण भारी. मळकट रंग एकदम जिवंत होतात. माणूस कागदातनं निघून कपात गेलेला असतो. नखानं खरवडा, घासणीनं घासा, जात नाही. भट्टीवर सोनं पांढऱ्या धुरातनं पिवळं व्हायचं तेव्हा मला जसं वाटायचं तसंच, फक्त इथं खोकला नाही.

मी पहिल्या दिवशी एका बाईचं नाव उलटं करायला विसरलो. कपावर अरबी छापल्यासारखं दिसलं. भसीनजींनी त्या कपात चहा ओतून मला दिला आणि म्हणाले, पी, तुझाच आहे.

१३ नोव्हेंबर

आज गुडगावहून हेमांगी मॅडम आल्या. मोठ्या कंपनीत आहेत, मूळच्या पुण्याच्या. त्यांच्या साहेबाची बदली झाली, त्याचा फोटो घालून कप करायचा होता. फोटो दाखवत पार्वतीदीदीला हिंदीत म्हणाल्या, कप जरा जाड द्या, हा माणूस जातोय म्हणून ऑफिसात मिठाई वाटलीय, याला कोणी मिस करणार नाही. मी मराठीत म्हटलं, मग कपावर ‘सुटलो’ असं लिहू का. त्या हसत सुटल्या. बसल्या, चहा घेतला. सांगत होत्या, यार, माझ्या मुलाला ‘फडताळ’ म्हटलं तर कळत नाही, त्याला वाटलं भाजी आहे.

एक गोष्ट लिहायची राहिली. रोज सकाळी पहिला कप वाया घालवायचा. त्याला कागद लावायचा नाही, नुसता कोरा कप प्रेसमध्ये घालायचा. आदल्या दिवशीची शाई हीटरच्या रबरात मुरलेली असते, ती त्या कपावर उतरते, रबर साफ होतं, आणि दिवसभराचे कप स्वच्छ निघतात. इथपर्यंत मला पटलं. पण तो कप लगेच पोत्यात घालून हातोडीनं फोडायचा. बघायचा नाही, ठेवायचा नाही, त्यातनं पाणीसुद्धा प्यायचं नाही. हा नियम भसीनजींनी मला तीनदा सांगितला. एरवी ते एकदासुद्धा बोलत नाहीत.

आता बघू नको म्हटल्यावर कोण बघणार नाही. शाईचा डाग रोज वेगळा यायला पाहिजे ना? आदल्या दिवशी कधी लग्नाचे फोटो छापतो, कधी कुत्र्याचे. पण त्या कपावर रोज एकच येतं. फिकट, धुरकट. एक खुर्ची. खुर्चीत एक माणूस, आपल्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड. स्वेटरवर आडवे पट्टे.

पार्वतीदीदीला विचारलं. ती म्हणाली, शाई आहे, फोड. मी म्हटलं, शाई स्वेटर घालते का. तिनं माझ्या हातातनं कप घेतला आणि स्वतः फोडला.

१८ नोव्हेंबर

काल मला सुट्टी मिळाली. कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या सदनाच्या कॅन्टीनला गेलो, मिसळ खाल्ली. तिथं सिद्धांत भेटला, आमच्या शेजारच्या गावचा, कलेक्टर व्हायची परीक्षा देतोय. चुलतबहिणीच्या लग्नाला गावी निघालाय. म्हणाला, घरी काही द्यायचं असेल तर दे, माझी बॅग रिकामीच आहे, पुस्तकं नेऊन कुणाला दाखवू.

आज सकाळी पहिला कप काढला आणि हातोडी उचलवेना. चांगला, टणटणीत कप. एका बाजूला थोडी शाई लागलीय एवढंच. मामाकडं फरशीचा केर टाकत नाहीत आणि इथं रोज एक कप फोडतात. माझ्या अंगातलं गलाईचं रक्त कुठं जाईल? पोत्यात कालच्याच खापऱ्या होत्या, त्यांवर हातोडी मारली, आवाज झाला, कुणी बघितलं नाही.

दुपारी भसीनजी बँकेत गेले तेव्हा त्याच कपाच्या दुसऱ्या बाजूला राधाचा फोटो छापला. दिवाळीतला, आकाशी ड्रेस, दोन वेण्या, हसताना डोळे मिटलेले. असा उमटला की मीच बघत बसलो. मागच्या बाजूचा डाग कुणाला कळणार पण नाही. संध्याकाळी सिद्धांतला नेऊन दिला.

२३ नोव्हेंबर

कप पोचला. राधा फोनवर किंचाळत होती. मैत्रिणींना दाखवून आली. आई म्हणाली, पोरीचं चित्र कपावर, कपात चहा, म्हणजे पोरीलाच चटका नाही का बसत. राधा मागनं ओरडली, आई, तुझं डोकं.

मग राधानं विचारलं, दादा, मागं ते काका कोण आहेत? मी म्हटलं, शाईचा डाग आहे. ती म्हणाली, डाग कसला, चांगले उभे आहेत.

मी म्हटलं, बसलेत. म्हणाली, उभे आहेत, शेजारी खुर्ची आहे.

फिकट आहे, तिला नीट दिसलं नसेल.

२५ नोव्हेंबर

नीट दिसलं होतं. इतके दिवस पहिला कप न बघताच फोडत होतो. आज सकाळी पहिला कप काढला. खुर्ची होती. भिंत होती. माणूस नव्हता.

मी तो फोडला नाही, हातात धरूनच उभा राहिलो. तेवढ्यात भसीनजी आले. ते कधी या कपाकडं बघत नाहीत, मान वळवून निघून जातात. आज माझा चेहरा बघून थांबले. कप बघितला. स्टूलवर बसले. मग विचारलं, एखादा कप न फोडता ठेवलास का. मी नाही म्हटलं. त्यांनी परत विचारलं. मी परत नाही म्हटलं.

मालकाला खोटं बोलणं मला जड जात नाही. आज गेलं.

२८ नोव्हेंबर

राधाला फोन केला, म्हटलं तो कप फोडून टाक. ती म्हणाली, वेडा आहेस का, माझा फोटो आहे. आईला सांगितलं. आई म्हणाली, पोरीचं चित्र असलेली वस्तू फोडायची नसते, तू दिल्लीत राहून काहीही शिकतोस, मामाकडं परत जा बघू.

राधा म्हणते ते काका कप फिरवावा तसे सरकलेत. कपाच्या कानाजवळनं पुढं आलेत. आता तिच्या फोटोच्या बाजूला आहेत. तिला गंमत वाटते. म्हणते कसली जादू केलीस, मैत्रिणीला पण एक पाठव.

मी म्हटलं, चेहरा दिसतो का.

थोडा, म्हणाली. दमलेले वाटतात.

१ डिसेंबर

राधा अभ्यासाला बसते ती भिंतीकडं तोंड करून. आई सांगत होती. टीव्हीकडं पण पाठ. हाक मारली की ओ देते, पण वळत नाही. पाठ गरम लागते म्हणते, चुलीसमोर बसल्यासारखी. ताप नाही. डॉक्टरनं गोळ्या दिल्या.

सकाळी पहिला कप, रिकामी खुर्ची. पोत्यात घातला, फोडला.

आईला परत म्हटलं, आई, माझी शपथ, फोड. आईनं कप उचलला. आणि फोनवरच म्हणाली, अरे, ह्यानं तर राधाच्या खांद्यावर हात ठेवलाय. आता मला कसं फोडवेल, पोरीच्या पण डोक्यावर बसेल ना हातोडी.

३ डिसेंबर

राधा गेली.

दुपारी पुस्तक घेऊन खोलीत बसली होती. आई दळण घेऊन आली, तर खोलीत राधा नाही. चप्पल दारात. मोबाइल चार्जिंगला. पुस्तक उघडं. आणि पडवीत एक माणूस बसलेला, पट्ट्यांचा स्वेटर, उन्हात डोळे चोळत. आईनं ओरडून गल्ली गोळा केली. लोकांनी त्याला धरून ग्रामपंचायतीत कोंडलंय. तो हिंदीत एकच म्हणतो, माझ्या भावाला बोलवा, दिल्ली, पहाडगंज. नाव जयदीप सांगतो. जयदीप भसीन.

त्याला चहा दिला तर घेईना. कपात नको म्हणाला. पेल्यात दिला तेव्हा प्याला.

आईनं कप बघितला. दोन्ही बाजूंनी पांढरा. कोरा.

गावात आत्ताच सुरू झालंय, पोरगी कुणासोबत तरी गेली.

४ डिसेंबर

पहिला कप. मला मशीन लावायची नव्हती. पण बघायचं होतं.

खुर्चीत ती बसलीय. पाठ आपल्याकडं. दोन वेण्या. आकाशी ड्रेस.

भसीनजींना सगळं सांगितलं. मला वाटलं मारतील. ते जयदीप हे नाव ऐकून खाली बसले आणि रडायला लागले. दोन्ही हातांनी तोंड झाकून. पार्वतीदीदी मला म्हणाली, धाकटा भाऊ आहे त्यांचा.

मग त्यांनी सांगितलं. मशीन जुनी घेतली, पानिपतच्या बंद पडलेल्या दुकानातनं. पहिल्या कपावर तेव्हा एक म्हातारी बाई यायची, खुर्चीत, पाठमोरी. जयदीपला मजा वाटली. त्यानं तसा एक कप ठेवला आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचा फोटो छापला. टेबलावर पेनं ठेवायला. काही दिवसांनी टेबलापाशी म्हातारी उभी होती आणि जयदीप कुठंच नव्हता. म्हातारी पानिपतला आपल्या घरी गेली, दोन वर्षं जगली.

कप न फोडता ठेवला तर आतला माणूस उठू शकतो. पण बाहेर यायला त्याच कपावर दुसरा कुणी लागतो. कोरा कप नुसता ठेवून ते वर्षभर बघत बसले होते. काही झालं नाही. जयदीप नुसता उभा राहायचा, हात भिंतीवर घासायचा. ते बघवेना म्हणून रोज फोडायला लागले. फोडला की परत बसतो.

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचा फोटो का नाही छापला, इतकी वर्षं. ते म्हणाले, कुणाचा छापू, सूरज. सगळे कुणाचे तरी आहेत.

मशीन का नाही फोडली, मी ओरडलो. म्हणाले, तो आत असताना?

संध्याकाळच्या गाडीनं ते गावाकडं निघाले, भावाला आणायला. जाताना माझ्या पाया पडले. मला शिवी देता आली नाही.

५ डिसेंबर

मशीन बंद ठेवलीय. कालचा कप माझ्याकडं. फोडलेला नाही. आज ती उभी आहे, भिंतीला हात लावून.

कॉम्प्युटरमध्ये चेहऱ्यांची काय कमी. हजारो आहेत. लग्नातले, वाढदिवसाचे. हेमांगी मॅडमच्या साहेबाचा काढला. याला कोणी मिस करणार नाही. उलटा केला, छापला, कागद कपाला गुंडाळला सुद्धा. दांडा दाबायचा तेवढा राहिला.

कागदावर त्याच्या गळ्याजवळ एक छोटा हात होता. फोटो कापताना राहिलेला. कडेवरच्या पोराचा असणार.

कागद काढला. चुरगाळला.

पार्वतीदीदी दारात उभी होती. जेवणाचा डबा ठेवून गेली.

६ डिसेंबर

मामा आला. मला वाटलं सुरू होणार, सांगितलं होतं, ऐकलं नाहीस. पण राधाला शोधायला गावाला निघालोय म्हणाला, तू येतोस का. मी नाही म्हटलं.

गावी गेलो तरी चाललं असतं. पण जे होणार ते आईच्या समोर नको. तिनं एकाच घरात दोन वेळा रिकामी खोली बघू नये.

मामाला खोका दिला. आत कप आहे, फोडू नका, आईच्या हातात द्या, फडताळात ठेवायचा, रोज बघायचा, एवढंच. मामानं विचारलं, काय आहे त्यात. मी म्हटलं, राधा परत येईल. मामानं माझ्याकडं बघितलं. मग खोका शर्टाच्या आत धरला, सोनं नेताना धरतो तसा.

कपाच्या दुसऱ्या बाजूला फोटो माझाच छापला. मोबाइलमधला. मागं दुकान दिसतंय. नीट उलटा केला होता. चुकलो नाही.

९ डिसेंबर

कप पोचला. आईला सगळं सांगितलेलं नाही. कपावर राधाच आहे ना, असं विचारत राहते. मी म्हणतो, हो, येईल. ती म्हणते, आणि दुसऱ्या बाजूला तू का आहेस. मी म्हटलं, सोबतीला.

११ डिसेंबर

भसीनजी आले, भावाला घेऊन. जयदीप माझ्यासमोर बसत नाही. उभाच. खुर्ची दिली की मागं सरकतो. हात जोडून म्हणाला, मला दिसलं नाही कोण आहे ते. फक्त उठता आलं, म्हणून उठलो.

मी विचारलं, तिथं कसं आहे.

म्हणाला, भिंत आहे. ऊब आहे, जास्त नाही. भूक नाही. रोज फुटल्याचा आवाज येतो. लागत काही नाही. आवाज येतो.

मग म्हणाला, मागं कुणीतरी आहे असं सारखं वाटतं, आणि वळता येत नाही. तेवढंच.

१४ डिसेंबर

राधा कपाच्या कानापर्यंत आलीय. आई म्हणते चेहरा दिसतो, रडत नाहीये.

माझी पाठ तापते. स्वेटर काढून बसलो, पहाडगंजात, या थंडीत. पार्वतीदीदी शाल टाकते, मी काढतो.

रस्त्यात चालताना लोक धडकतात. सॉरी पण म्हणत नाहीत. खांबाला धडकल्यासारखे बघतात.

१६ डिसेंबर

भसीनजींना सांगितलं — मी गेल्यावर पहिला कप रोज फोडा. चुकवू नका. माझी दया आली म्हणून ठेवू नका, कुणी पोरगं त्यावर काही छापेल. त्यांनी मान हलवली. जयदीप बाहेर गेला.

माळ्यावर भिंतीकडं तोंड करून बसलो की बरं वाटतं. वळलं की डोळ्यांपुढं पांढरं होतं. कपासारखं पांढरं —

१७ डिसेंबर

आईचा फोन. राधानं माझ्या खांद्यावर हात ठेवलाय म्हणाली. आई हसत होती. भाऊबीजेसारखं दिसतं म्हणाली.

मला हात लागला. खरंच लागला. थंड होता —

राधा, तुला आतनं काही कळत असेल तर काढू नको हात. मी सांगतो म्हणून. मी तुझा मोठा —

१८ डिसेंबर

पार्वतीदीदी हाक मारते. मान वळत नाही. ओ दिली पण तिला ऐकू गेली की नाही —

मामाचा फोन आला होता, पार्वतीदीदीनं कानाला धरला. रडत होता. मागनं राधाचा आवाज, आई, पाणी दे. पाणी मागत होती. तिचाच. मामा म्हणाला, घे, बोल तिच्याशी. मी बोललो ते तिला ऐकू गेलं नाही, फोन कटला. परत लावायला बोट फोनवर नीट टेकवता येत नाही, स्क्रीनला माझं बोट कळत नाही —

लवकर लिहितो. राधा, नर्सिंगचा फॉर्म भर, गावात कोण काय बोलतं बघू नको. आईला एकटी सोडू नको. भसीनजींनी पगार दिला, जयदीपनं स्वतःचे काही घातले, ते पण घे, लाजू नको. पार्वतीदीदीला खुणेनं फोन धरायला सांगितलंय, ती दाबते, मी आकडा लिहून दाखवतो. सगळे पाठवतोय. एकवीस हजार सातशे —